दोनशे दहा

“आंबे सोलून आलात काय, बाई?”

रत्नागिरीच्या लॅबमधल्या माणसानं हातातल्या कागदावरून नजर न उचलता विचारलं. माझी थोरली जाऊ, सिंधूवहिनी, समोरच्या बाकावर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. हा माणूस आता आपल्याला काहीतरी शेवटचंच सांगणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“हो,” मी म्हणाले. “पहाटेपासून तेच चाललंय. आमचा आंबापोळीचा धंदा आहे.”

“तरीच.” त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. “शिरेतून काढलेल्या रक्तात साखर एकशे चौतीस आहे. घरच्या यंत्रावर चारशे बारा दिसली म्हणता, ती ह्यांच्या रक्तातली नाही. बोटावरच्या आंब्याची. टोचण्याआधी हात धुतले होते?”

“स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले होते.”

“त्यानं रस जात नाही. साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं.” आता त्यानं मान वर केली. “आणि धुऊनसुद्धा आकडा तेवढाच आला, तर मात्र घरी बसायचं नाही. असेल त्या गाडीनं यायचं. टोचतं कोण? तुम्ही?”

“मीच.”

“मग तुम्ही लक्षात ठेवा.”

परतताना रिक्षात वहिनी पावसच्या वळणापर्यंत हसत होती. “प्रमिले, माझ्यापेक्षा माझं बोट गोड गो,” ती म्हणाली. भीती उतरली की तिला असं हसू यायचं. मीही हसले. मे महिना होता, अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागांतून आंब्याच्या पेट्या भरत होत्या आणि सगळीकडून पेंढ्याचा आणि पिकल्या फळाचा वास येत होता.

घरी पोचलो तेव्हा घरापुढच्या खळ्यात माझे थोरले दीर, दादा, एकटेच उभे होते. आम्ही घाबरून निघताना रस सुकत घातलेल्या ताटांवरची जाळी नीट दाबली गेली नव्हती. कामाच्या दोघी बायका जेवायला गेल्या होत्या आणि शेजारची गुरं खळ्यात शिरली होती. साठ ताटांतला रस गेला होता. काही चाटून, काही तुडवून.

“काय निघालं?” दादांनी विचारलं.

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “बोटाला रस होता.”

दादा माझ्याकडं बघून म्हणाले, “वा. डॉक्टरीणबाई. उद्या फणस सोलून माझं बोट बघा, मला मुंबईला न्या.”

तेवढ्यात जेवून परतलेल्या कामाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं आठ-दहा दिवस ते घरात आणि वाडीत चाललं. कुणी पाणी मागितलं तरी “आधी हात धू, नाहीतर प्रमिला रत्नागिरीला नेईल” असं सगळे म्हणायचे. वहिनी हसायची. मी हसत नव्हते.

मी कोण होते त्या घरात, हे सांगायला हवं. एकतिसाव्या वर्षी माझा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी भाऊ होता, पण त्यानं तेराव्याला येऊन तेराव्यालाच परतीची गाडी धरली. दादा काही बोलले नाहीत. वहिनी बोलली. तिनं माझी ट्रंक माजघरातून उचलून तिच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत ठेवली आणि म्हणाली, “इथं उजेड चांगला येतो.” एवढंच. मी लग्न होऊन आले तेव्हाच तिनं सांगितलं होतं, मला अहोजाहो करू नकोस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी तिला वहिनी म्हणायचे आणि तू म्हणायचे. आंबापोळी मी तिच्याच हाताखाली शिकले. ताटाला तूप किती लावायचं, रसाचा थर वाटीनं ओतून ताट नुसतं कलतं करून कसा पसरायचा, पहिला थर सुकला की नाही हे अंगठ्याच्या उलट्या बाजूनं कसं बघायचं. अंगठ्याला चिकटला तर अजून ऊन हवं, नाही चिकटला तर दुसरा थर. असे पाच-सहा थर चढले की पोळी. तिच्या हातची पोळी दिव्यासमोर धरली तर आरपार उजेड दिसायचा. आता तशी कुणी करत नाही. आता लोखंडी कपाटात पंखे लावून सुकवतात.

साखरेचं यंत्र तिच्या मुलीनं, सुजातानं, चिपळूणहून आणून दिलं होतं. दोन दिवस राहून आईला सगळं शिकवून गेली होती. पण स्वतःच्या बोटात सुई टोचायला वहिनीचा हात धजायचा नाही, आणि चष्म्यावाचून आकडाही दिसायचा नाही. पहिल्याच आठवड्यात यंत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, “तूच बघत जा. पण सुजाताला सांगू नकोस गो. म्हणेल, एवढं शिकवलं ते वाया.” इन्सुलिनची सुई मात्र ती पोटात स्वतः घ्यायची, सकाळ-संध्याकाळ. ती टोचताना तिला भीती नव्हती. “त्यात रक्त दिसत नाही ना,” म्हणायची.

रत्नागिरीहून आल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी खळ्याच्या चिऱ्याच्या पायरीवर तिचा पाय ठेचाळला. अंगठ्याला जखम झाली. हळद दाबून ती परत कामाला बसली. पुण्याच्या एका दुकानदाराची मोठी मागणी होती, मंगळवारी टेम्पो यायचा होता. मध्ये तीन दिवस आभाळ आलं आणि ताटं नुसतीच ओलसर पडून राहिली. दादा दिवसातून दहा वेळा खळ्यात येऊन वर बघत. शुक्रवारी दुपारी ऊन पडलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्याच संध्याकाळी वहिनीचा पाय घोट्यापर्यंत सुजला आणि अंगात कणकण आली.

शनिवारी पहाटे तरीही ती आंबे घेऊन बसली. सातच्या सुमारास तिला उलटी झाली. सारखी तहान लागत होती, रात्रभर चार-पाचदा उठली होती. मी यंत्र आणलं. कामाच्या बायका आल्या होत्या. दादा ओटीवर चहा पीत होते.

मी तिचं बोट टोचलं. आकडा बघितला. चारशे अडतीस.

“किती?” ओटीवरून दादांनी विचारलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. “काय, रिक्षा बोलावू? आज चारशे ताटांवर थर चढवायचाय. तुम्ही दोघी जा फिरायला, मी गुरं हाकत बसतो.”

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, “बाय, बोट धुतलंस का विचार आधी.”

“थांबा,” मी म्हणाले. मी वहिनीला धरून न्हाणीत नेलं. साबणानं तिचे हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. माझेही धुतले. कोरड्या पंचानं पुसले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मोठमोठा श्वास घेत होती, चढण चढून आल्यासारखा. मी परत टोचलं. परत बघितलं.

“किती गो?” तिनं विचारलं.

“दोनशे दहा.”

“मग रसच,” ती म्हणाली.

मी बाहेर येऊन दादांना तेच सांगितलं. त्यांनी चहाची बशी उचलली. “मला माहीतच होतं,” ते म्हणाले, आणि बायकांना रसाची पातेली काढायला सांगितली.

वहिनीला मी तिच्या खोलीत निजवलं. इन्सुलिनची बाटली तिनं हातात घेतली होती. जरा वेळ तशीच धरून ती म्हणाली, “प्रमिले, दोनशेच आहे, आणि पोटात अन्न ठरत नाही. मागं एकदा उपाशीपोटी घेतली तर डोळ्यांपुढं अंधारी आली होती. नको घेऊ ना?”

“नको घेऊस,” मी म्हणाले. “आधी जरा पेज पोटात जाऊ दे.”

तिनं बाटली परत दिली. मी ती ठेवून दिली.

त्या दिवशी ऊन कडक होतं. चारशे ताटांवर थर चढला. मी मधूनमधून खोलीत जाऊन यायचे. पेज दिली, ती उलटली. पाणी मात्र ती तांब्याच्या तांब्या प्यायची. संध्याकाळी म्हणाली, “पोटात कळ येते गो.” मी ओव्याचं पाणी दिलं. दादा दारात येऊन उभे राहिले. “पित्त झालंय,” ते म्हणाले. “दोन दिवस आंबा खाऊ नकोस.” बरीच वर्षं ती आंबा खात नव्हती, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. तिनंही सुधारलं नाही.

रविवारी मी यंत्र काढलं नाही.

रविवारभर ती झोपून होती. बोललं की डोळे उघडायची, उत्तर द्यायची, मध्येच थांबायची. दुपारी मला म्हणाली, “तुझी ट्रंक हलव गो तिथून. उन्हात तापते.” ट्रंक वीस-बावीस वर्षं त्याच जागी होती. मी हो म्हणाले. तिची जीभ लाकडासारखी कोरडी दिसत होती. मी ओल्या फडक्यानं ओठ पुसले आणि खळ्यात जाऊन ताटं सावलीतून उन्हात सरकवली. सुजाताचा फोन आला नाही, कारण आमचा फोन त्या आठवड्यात बंद होता. शेजारी चालू होता. तिथून करता आला असता.

सोमवारी सकाळी मी यंत्र काढलं. बोट आधीच धुवून घेतलं. पट्टीवर थेंब लावला आणि आकड्याची वाट बघत बसले. आकडा आला नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. दुसरी पट्टी घातली. परत तीच अक्षरं.

मी दादांकडं नेलं. त्यांनी यंत्र हातात घेऊन हलवून बघितलं. “रस गेला असणार आत. बिघडलं.”

“आकडाच येत नाही,” मी म्हणाले.

“तेच सांगतोय.”

मग आम्ही दोघं खोलीत गेलो. दादांनी हाक मारली, “सिंधू.” तिनं डोळे उघडले नाहीत. तिची छाती जोरजोरानं वरखाली होत होती, लांब, खोल, घरघर नसलेला श्वास. दादांनी तिचा खांदा हलवला. मग ते बाहेर पळाले आणि दहा मिनिटांत कुणाचा तरी छोटा टेम्पो घेऊन आले. मागं घोंगडी अंथरली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. निघताना यंत्र पिशवीत टाकलं, का ते मला सांगता येणार नाही. खळ्यातल्या ताटांवर जाळी कुणी घातली नव्हती. त्या दिवशी ते कुणी बोललं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि लगेच नर्सला काहीतरी सांगितलं. नंतर आम्हाला म्हणाला, “श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतोय. रक्तात आम्ल साठलं की येतो. घरी जाणवला नाही कुणाला?”

दादा माझ्याकडं बघायला लागले आणि मी दादांकडं. मे महिन्यात आमच्या घरात तो वास वेगळा कसा जाणवणार होता?

तिला आत नेलं. सलाइन, इन्सुलिन, पायाची जखम कापून साफ करणं, सगळं चाललं होतं. पायातलं विष वर चढलं होतं. दुपारी सुजाता नवऱ्याबरोबर चिपळूणहून आली. कुणीतरी तिला कळवलं होतं. ती आली तेव्हा डॉक्टर बाहेरच उभा होता.

“घरी शुगर बघत होता का?” त्यानं विचारलं.

सुजातानं मान हलवली. “यंत्र मीच दिलंय. आई स्वतः बघते.”

मी पिशवीतून यंत्र काढून दिलं. “बिघडलंय,” मी म्हणाले. “आकडा येत नाही. अक्षरं येतात.”

डॉक्टरनं ते घेतलं. “बिघडलेलं नाही. साखर सहाशेच्या वर गेली की ह्याला मोजता येत नाही, तेव्हा ते अशी अक्षरं दाखवतं. माहितीपत्रकात असतं.” माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मग त्यानं बाजूची कळ दाबली. ह्या यंत्राला कळ आहे आणि ती दाबली की मागचे आकडे दिसतात, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

“आज सकाळी दोनदा, दोन्ही वेळा सहाशेच्या वर,” तो वाचू लागला. “काल काहीच नाही. शनिवारी सकाळी सात दहाला चारशे अडतीस. सात चौदाला चारशे एक्केचाळीस.” तो थांबला. “चार मिनिटांत दोनदा. म्हणजे शंका आली होती. हात धुऊन परत बघितलेलं असणार. आणि आकडा तोच. तेव्हाच आणलं असतं तर...” त्यानं यंत्र खाली केलं. “कोण बघत होतं?”

व्हरांड्यात पंखा फिरत होता. सुजाता माझ्याकडं बघत नव्हती, ती यंत्राकडं बघत होती. मी तोंड उघडलं.

“तीच बघायची,” दादा म्हणाले. “स्वतःच. आम्हाला दोनशे दहा म्हणाली.”

मी तोंड मिटलं.

दादांना कळलं होतं. न्हाणीतून बाहेर येऊन त्यांना तो आकडा कुणी सांगितला, हे ते विसरलेले नव्हते. ते माझ्याकडं वळलेही नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली.

मी ठरवलं होतं की मंगळवारी टेम्पो गेला की सांगायचं. एवढाच माझा विचार होता. तीन दिवस. तीन दिवसांत माणसाला काय होतं, असं मला वाटलं होतं. चारशे एक्केचाळीस बघितल्यावर मला त्या लॅबवाल्याचे शब्द आठवले नाहीत असं नाही. ते आठवत असतानाच मी दोनशे दहा म्हणाले. गेल्या वेळी साठ ताटं गेली होती. ह्या वेळी चारशे होती, आणि ओटीवर दादा होते, आणि बायका हसायला टपलेल्या होत्या.

सिंधूवहिनी बुधवारी पहाटे गेली. मध्ये एकदाही शुद्धीवर आली नाही. एका दृष्टीनं बरं झालं असं मला तेव्हा वाटलं, आणि असं वाटलं हेही मी विसरलेले नाही.

गावी परतताना दादा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा उतरून माझ्या खिडकीशी आले. “प्रमिला,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं क्वचितच हाक मारली होती. “आता घर तुलाच बघायचंय. झालं ते झालं.” मी मान हलवली. ते परत पुढं जाऊन बसले. ह्यापलीकडं त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, मी त्यांना दोन वेळचं वाढलं, आणि त्यांनी कधी भाजीला नाव ठेवलं नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सुजाता न्हाणीच्या दारात उभी होती. मी भांडी घासत होते. पाहुणे पांगले होते.

“काकू,” ती म्हणाली, “तुला एक विचारू? आईनं हात धुऊन परत बघितलं. म्हणजे तिला कळलं होतं ना गो?”

मी राख लावलेलं पातेलं पालथं घातलं.

“मग तिनं लपवलं का? मला एक फोन केला असता शेजारून. एवढी परकी होते मी तिला?”

तेव्हा सांगता आलं असतं. तिथं दुसरं कुणीही नव्हतं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त उत्तर मागत होती. मी सांगितलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं, आणि तो तिचा हक्क होता. माझी ट्रंक घेऊन मी कुठं गेले असते, हाच विचार मी केला.

“तुला त्रास नको म्हणून असेल,” मी म्हणाले. “ती तशीच होती.”

सुजाताच्या चेहऱ्यावर काहीतरी आवळलं गेलं. “मला नाही पटत असं प्रेम,” ती म्हणाली आणि आत गेली. आईच्या लुगड्यांचे दोन जोड तिनं घ्यायचं ठरवलं होतं, ते तिनं घेतले नाहीत.

दादा गेल्यावर तिनंच मला चिपळूणला आणलं. म्हणाली, एकटी काय करणार गावात. तिच्या मुलींना ती आजीबद्दल एकच गोष्ट सांगत आली आहे, की आजीला स्वतःचा आजार लपवायची खोड होती आणि त्या खोडीनं ती गेली. मुलींना परीक्षेत कमी गुण पडले, ताप आला, काही हरवलं, की ती म्हणते, “माझ्या आईसारखं लपवू नका.” मी तिथंच बसलेली असते, कधी शेंगा सोलत, कधी वाती वळत. आजीचा फोटो भिंतीवर आहे. नातींना तो जरा खोटारडा वाटतो, असं धाकटी एकदा हसत म्हणाली.

चार वर्षांपूर्वी मलाही साखर निघाली. आता रोज सकाळी सुजाता माझे हात साबणानं धुते, बोटांच्या बेचक्यांतून, कोरडे करते आणि टोचते. चष्मा नसला की मला काही दिसत नाही हे तिला माहीत आहे. तरी ती यंत्र माझ्या डोळ्यांपुढं धरते.

“एकशे बासष्ट,” ती म्हणते. “हे बघ, काकू. मी तुला खोटा आकडा कधी सांगणार नाही.”

“माहीत आहे मला,” मी म्हणते, आणि बोट तिच्या हातातून सोडवून घेते.